पारा रोज छापता, मग मृत्यू का नाही?

जुलै १९९५ च्या दुसऱ्या आठवड्यात शिकागोचा पारा ४१ अंशांवर गेला. चंद्रपूरच्या माणसाला या आकड्याचं काही वाटणार नाही. तिथे ४१ म्हणजे एप्रिलमधला बरा दिवस. शिकागोत मात्र हवा दमट होती, विटांच्या इमारती रात्रीही निवत नव्हत्या, हजारो घरांची वीज गेली होती, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं चोरांच्या भीतीने दारं-खिडक्या लावून आत बसली होती. दोन-तीन दिवसांत शवागारात जागा उरली नाही. बाहेर शीतकरणाचे ट्रक आणून उभे करावे लागले.

तिथल्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, मुख्य वैद्यकीय परीक्षक (मृत्यूचं कारण ठरवणारे अधिकारी) होते एडमंड डोनोह्यू. त्यांनी शेकडो मृत्यूंच्या कारणात उष्णता लिहिली आणि तिथून वादाला तोंड फुटलं. महापौर रिचर्ड डेली यांचं म्हणणं असं की माणसं रोजच मरतात. या हिशेबाने उन्हाळ्यात जो कोणी मरेल तो उन्हानेच मेला म्हणावं लागेल. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं. म्हणून सरळ हिशेब मांडला गेला: त्या आठवड्यात शहरात एकूण किती माणसं गेली आणि एरवी त्या दिवसांत किती जातात? फरक निघाला ७३९. डोनोह्यू यांनी फुगवून सांगितलं नव्हतं, उलट त्यांचा आकडा कमीच होता.

या लेखाचा सगळा मुद्दा त्या एका वजाबाकीत आहे. उन्हाळ्याच्या बातम्यांत आपण पाऱ्याचे विक्रम मोजतो. अकोला पुढे की जळगाव, नागपूरने गेल्या वर्षीचा आकडा मोडला का, याची चर्चा चहाच्या टपरीवर आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सारखीच रंगते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा देशभर खळबळ माजली. हवामान विभागाला तातडीने खुलासा करावा लागला की संवेदकात दोष होता. दिल्लीच्या मुंगेशपूरला त्याच आठवड्यात ५२.९ नोंदले गेले, तिथेही तपास झाला आणि यंत्र तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निष्पन्न झालं. तापमापकाच्या चुकीची इतक्या तत्परतेने चौकशी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या आठवड्यात नागपुरात एकूण किती माणसं वारली आणि एरवी किती वारतात, हे कुणी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

ऊन माणसाला कसं मारतं हे लक्षात घेतलं तर ही वजाबाकी इतकी महत्त्वाची का, ते कळतं. उन्हात कोसळलेला, अंग चटका बसेल इतकं तापलेला, शुद्ध हरपलेला रुग्ण हा उष्माघाताचा उघड चेहरा. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि डॉक्टरला निदानाची शंका राहत नाही. असे रुग्ण थोडे. बहुतेकांचं वेगळं होतं. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, हृदयाला दुप्पट राबावं लागतं, घामाने पाणी जातं, मूत्रपिंडावर ताण येतो. ज्याला आधीच रक्तदाब आहे, मधुमेह आहे, जो लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतो, त्याला हे चार-पाच दिवस आणि मुख्य म्हणजे चार-पाच रात्री झेपत नाही. पहाटे तो जातो. दाखल्यावर कारण लिहिलं जातं हृदयविकाराचा झटका. लिहिणारा खोटं लिहीत नसतो, हृदय खरोखरच बंद पडलेलं असतं. ऊन मात्र त्या कागदावर कुठेच येत नाही.

एकेका दाखल्याकडे बघून हे उलगडत नाही. हजार दाखले एकत्र मोजले की दिसतं.

फ्रान्सला हा धडा ऑगस्ट २००३ मध्ये मिळाला. तो महिना म्हणजे तिथला सुटीचा महिना. अर्धं पॅरिस समुद्रावर, डॉक्टर सुटीवर, मंत्री सुटीवर, राष्ट्राध्यक्ष शिराक कॅनडात. मागे राहिले ते म्हातारे, जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, जस्ताच्या पत्र्याखालच्या खोल्यांत. काही रात्री तर किमान तापमानही २५ अंशांच्या खाली उतरेना. १० ऑगस्टला पात्रिक पेलू नावाच्या आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरने दूरचित्रवाणीवर सांगून टाकलं की माणसं मरताहेत. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री मातेई आपल्या सुटीच्या घरून, पोलो शर्ट घालून, परिस्थिती आटोक्यात असल्याचं सांगताना दिसले. तो शर्ट फ्रान्स अजून विसरलेला नाही. शवागारं भरली, तेव्हा पॅरिसजवळच्या राँजीसच्या घाऊक बाजाराचं शीतगोदाम वापरात घेतलं गेलं. आरोग्य महासंचालक लुसियाँ आबेनाइम यांनी राजीनामा दिला. न्यायला कुणीच न आलेल्या ५७ जणांचं दफन ३ सप्टेंबरला तिएच्या दफनभूमीत झालं आणि तिथे स्वतः शिराक उभे होते.

पण मला या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नंतरची वाटते. सप्टेंबर संपायच्या आत दोन संशोधकांनी शासनाला आकडा दिला: १ ते २० ऑगस्टच्या दरम्यान १४,८०२ मृत्यू जास्तीचे. पद्धत तीच शिकागोची. त्या वीस दिवसांतले एकूण मृत्यू घ्या, आधीच्या तीन वर्षांच्या त्याच दिवसांची सरासरी वजा करा. कुणाच्या दाखल्यावर काय कारण लिहिलंय, याच्याशी देणंघेणं नाही. पुढे संपूर्ण युरोपचा हिशेब झाला तेव्हा त्या उन्हाळ्याचे बळी ७० हजारांवर गेले.

एवढा आकडा समोर ठेवला की कुणालाच ‘उन्हाळा आहे, ऊन असणारच’ असं म्हणून सटकता येत नाही. वर्षाच्या आत फ्रान्सने उष्णतेच्या लाटेचा राष्ट्रीय आराखडा केला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी नगरपालिकांकडे ठेवण्याची व्यवस्था झाली, लाट आली की त्यांना फोन जायचा. वृद्धांच्या सेवेसाठी पैसा उभा करायला एका सुटीच्या दिवशी बिनपगारी काम करण्याचा कायदाही झाला, ज्यावर फ्रेंच माणूस आजही कुरकुरतो. आणि अनेक नगरपालिकांमधून मृत्यूंची संख्या रोजच्या रोज संगणकावर येऊ लागली. २००६ मध्ये पुन्हा मोठी लाट आली. जुन्या अनुभवावरून सुमारे ६,४०० जास्तीचे मृत्यू होतील असा अंदाज निघत होता. प्रत्यक्षात २,०६५ झाले. दोन हजार हा काही अभिमानाने मिरवायचा आकडा नव्हे. पण चार हजारांहून अधिक माणसं वाचली हे आपल्याला कळतं, ते मोजणी चालू होती म्हणून.

याच फ्रान्समध्ये १९११ च्या उन्हाळ्यात सुमारे ४० हजार जास्तीचे मृत्यू झाले होते. त्यात मोठा भाग तान्ह्या मुलांचा होता: नासलेलं दूध, दूषित पाणी, अतिसार. म्हणजे ९२ वर्षांच्या अंतराने त्याच देशात तसंच ऊन पडलं, एकदा पाळण्यातली मुलं गेली आणि एकदा एकटे पडलेले म्हातारे. आकाशातून येतं ते फक्त तापमान. मरणार कोण, ते समाजाची त्या वेळची घडी ठरवते.

शिकागोबद्दल एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने हेच दाखवलं. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारशेजारच्या वस्त्या. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध भरपूर. पण उत्तरेच्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण लाखामागे ४०, दक्षिणेच्या वस्तीत ४. दक्षिणेला रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी, म्हातारी बाई चार पावलं चालून थंड दुकानात जाऊन बसू शकत होती. उत्तरेला कारखाने बंद पडून वस्ती ओस पडलेली, बाहेर पडायचीच भीती. वस्तीनिहाय मृत्यू मोजले नसते, तर दहापटीचा हा फरक दिसलाच नसता.

आता आपल्याकडे या. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंचा समुदाय, भर दुपारपर्यंत चाललेला कार्यक्रम. तापमान ३८ च्या आसपास. विदर्भातला माणूस ३८ ला पंखासुद्धा वाढवणार नाही. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. १४ माणसं गेली. चौकशी समिती नेमली गेली, मदत जाहीर झाली, विधिमंडळात खडाजंगी झाली.

त्या १४ जणांची नोंद झाली, कारण ती एका जागी, एका दुपारी, मंत्र्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या समोर कोसळली. त्याच एप्रिलमध्ये मालेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये माग चालवणारा, वीटभट्टीवरचा, सोलापुरातल्या एकखणी घरात पत्र्याखाली झोपणारी आजी, यांतलं कोणी गेलं असेल तर ते सुटंसुटं गेलं. त्यांची गर्दी झाली नाही म्हणून बातमी झाली नाही.

सरकारी आकडे बघितले तर गोंधळ आणखी वाढतो. २०१५ ते २०२२ या काळात देशात उष्णतेने किती माणसं मेली? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणतो आठ हजारांच्या वर. आरोग्य खात्याच्या रोग नियंत्रण केंद्राचा आकडा चार हजारांच्याही आत. हवामान विभागाचा त्याहून कमी. एकच देश, एकच ऊन, तीन खाती, तीन उत्तरं. पोलिसांकडे अपमृत्यू म्हणून गेलेलं प्रकरण एका वहीत, रुग्णालयात निदान झालेलं दुसऱ्या वहीत, आणि वर्तमानपत्रांतून वेचलेलं तिसऱ्या. या तिन्ही वह्यांत जे नाहीत, ते कुठेच नाहीत. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू २०२० मध्ये जेमतेम २२.५ टक्के होते. म्हणजे कारण लिहिण्यावर विसंबणारी कोणतीही मोजणी आपल्या देशात मुळातच लंगडी.

त्यात मदतीच्या नियमांची भर. राष्ट्रीय पातळीवर आपत्तीसाहाय्याची जी यादी वर्षानुवर्षं चालत आली, तिच्यात चक्रीवादळ, भूकंप, पूर, गारपीट, अगदी थंडीची लाट आहे. उष्णतेची लाट नव्हती. यादी वाढवा म्हणून राज्यांनी मागणी केली, तर १५ व्या वित्त आयोगाने आहे ती यादी बऱ्याच अंशी पुरेशी असल्याचं सांगितलं. ज्या देशात फलोदीसारख्या गावी ५१ अंश नोंदले गेले, त्या देशाच्या यादीत वर्षानुवर्षं थंडी होती आणि ऊन नव्हतं, हे वाचताना मला दर वेळी परत तपासून बघावंसं वाटतं. काही राज्यांनी आपल्यापुरती सोय केली आणि वारसांना मदत देऊ केली. ते योग्यच. पण मदत जोडली की पुरावा कडक होतो: शवविच्छेदन आणा, समितीपुढे या, उन्हातच मेला हे दाखवा. पैसे वाटायचे तर छाननी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. चूक ही होते की त्याच छाननीतून गाळून उरलेला आकडा पुढे ‘राज्यातले उष्माघाताचे बळी’ म्हणून विधानसभेत सांगितला जातो. मदत कुणाला द्यायची हा एक प्रश्न, लाटेत किती गेले हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकाच फाइलीतून काढायची सवय मोडायला हवी.

दूरची उदाहरणं नकोत असं कुणी म्हणेल, तर अहमदाबाद फार दूर नाही. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला. रुग्णालयांनी उष्माघाताचे म्हणून नोंदलेले मृत्यू थोडेच होते. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे दिलीप मावळंकर आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी घेऊन महिन्याची वजाबाकी केली, तेव्हा जास्तीचे मृत्यू निघाले १,३४४. नेहमीपेक्षा ४३ टक्के अधिक. तो आकडा हातात आल्यावर पालिकेला हालचाल करावीच लागली, आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तिथे आला: पाऱ्याच्या टप्प्यांप्रमाणे इशारे, डॉक्टरांचं प्रशिक्षण, पाणपोया, वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग. एका रुग्णालयात तर असं लक्षात आलं की नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, थेट तापलेल्या गच्चीखाली. तो खाली हलवला आणि उन्हाने आजारी होणारी बाळं कमी झाली. खर्च किती आला असेल? खाटा हलवण्याचा.

आपल्या राज्यातही आराखडे आहेत. नागपूरचा २०१६ पासून आहे, नंतर इतर शहरांचे झाले. कागदावर ते नीटनेटके असतात. पण आराखड्याने काही साधलं का, हे कशावरून ठरवायचं? पाणपोया किती उघडल्या, पत्रकं किती वाटली, यावरून? फ्रान्सला २००६ मध्ये जे सांगता आलं ते आपल्या एकाही महापालिकेला सांगता येणार नाही, कारण आराखड्यापूर्वीचा आकडा नाही आणि नंतरचाही नाही.

या मागणीवर एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाळण्यासारखा नाही: ही माणसं नाहीतरी आज ना उद्या गेलीच असती, उन्हाने ती चार दिवस आधी नेली एवढंच. हे खरं असतं, तर लाटेनंतरच्या महिन्यांत मृत्यू नेहमीपेक्षा तेवढेच घटायला हवे होते. फ्रान्समध्ये २००३ नंतर हे नेमकं तपासलं गेलं. लगेचच्या काळात थोडी घट दिसली, पण ती झालेल्या हानीच्या मानाने किरकोळ होती. बहुतेक मृतांची महिने किंवा वर्षं गेली होती. आणि हा आक्षेप तपासायलाही रोजचे आकडे लागतात, हे आक्षेप घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. आम्हाला उन्हाची सवय आहे, आमच्या आज्यांनी कांदा खिशात ठेवून आणि पन्हं पिऊन असले उन्हाळे काढले. काढले, खरं आहे. पण त्या काढण्यात मोठा वाटा दुपारी बाहेर न पडण्याचा होता. शेतातली कामं पहाटे उरकायची, बारा ते चार गाव झोपायचं, रात्री अंगणात किंवा गच्चीवर अंथरुण पडायचं. घराला जाड मातीच्या भिंती आणि दारात कडुनिंब असायचा. आज खिशात कांदा ठेवून दुपारी दोनला जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा, किंवा सिमेंटच्या स्लॅबवर लोखंड बांधणारा मजूर, त्या परंपरेतला फक्त कांदा घेऊन उभा आहे. सावली आणि सुटी तिच्यातून गळाली.

तिसरी भीती उघड बोलली जात नाही: आकडे दिले की लोक घाबरतील. ऑगस्ट २०१० मध्ये मॉस्को तापलं, भोवतालच्या कुजलेल्या गवताच्या दलदली पेटून शहरावर धूर बसला, आणि बरेच दिवस अधिकृत मौन होतं. अखेर शहराच्या आरोग्य विभागाचे प्रमुख सेल्त्सोव्स्की यांनी सांगितलं की रोजचे मृत्यू ३६०-३८० वरून ७०० च्या घरात गेले आहेत. तोवर शहराला ते कळून चुकलं होतं. शवागारांसमोरच्या रांगा लपत नाहीत. लोकांना घबराट आकड्याने होत नाही, आकडा दडवल्याच्या संशयाने होते. करोनाच्या दिवसांत स्मशानभूमीतल्या नोंदी आणि पालिकेचे आकडे जुळेनात, तेव्हा आपणही हे पाहिलं आहे.

मग हवंय तरी काय? नवं खातं नको, नवी योजना नको. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करणं १९६९ च्या कायद्याने बंधनकारक आहेच, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ती नोंद डिजिटल होते आहे. शहरांत तर अंत्यसंस्काराच्या दिवशीच नोंद होते, पास घेतल्याशिवाय सरण रचता येत नाही. म्हणजे माहिती पालिकेच्या संगणकात पडून आहे. तिची मार्च ते जून दर आठवड्याला बेरीज करायची: वॉर्डाप्रमाणे, वयोगटाप्रमाणे, स्त्री-पुरुषांप्रमाणे. शेजारी आधीच्या पाच वर्षांची सरासरी ठेवायची, करोनाची दोन वर्षं वगळून. त्याच्या शेजारी त्या आठवड्याचं कमाल तापमान आणि, आग्रहाने सांगतो, किमान तापमानही. कारण दिवसाच्या उन्हापेक्षा न निवणारी रात्र जास्त माणसं नेते आणि आपल्या बातम्यांत रात्रीला जागाच नसते. हा तक्ता पालिकेच्या संकेतस्थळावर लावायचा. पालिकेतला एखादा सांख्यिकी सहायक सोमवारच्या दुपारी हे काम करू शकेल.

अडचण कामाची नाही, पहिला पाय कुणी टाकायचा याची आहे. समजा एकट्या नागपूरने हा तक्ता लावला. पहिल्याच मे महिन्यात तिथे शंभर-दोनशे जास्तीचे मृत्यू दिसतील, आणि शेजारच्या चंद्रपूर-अमरावतीत शून्य, कारण तिथे कुणी मोजलेलंच नसेल. सभागृहात आयुक्तांना विचारलं जाईल की तुमच्याच शहरात माणसं का मरतात. पुढच्या वर्षी तक्ता गायब होईल. प्रामाणिक शहराला शिक्षा होणार असेल तर कुठलाही आयुक्त या फंदात पडणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. म्हणून हा आदेश नगरविकास विभागाने राज्यातल्या २९ महापालिकांना एकाच दिवशी द्यायला हवा, आणि तो १ मार्चच्या आधी निघायला हवा.